कणभर जास्त

गेब क्लिमेक तिसऱ्यांदा वजनकाट्यावर चढला आणि तिसऱ्यांदा पंचाने मान हलवली. अजूनही थोडं जास्तच. कुस्तीच्या एकशे सत्तावन्न पौंडांच्या गटात लढायचं तर एकशे सत्तावन्नच भरायला हवं. पंच गावातलाच, गेबला लहानपणापासून ओळखणारा. पण काटा काही कुणाच्या ओळखीचा नसतो.

गेब खाली उतरून भिंतीला टेकला. कालपासून त्याच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता. ओठ पांढरेफटक पडले होते.

"बास झालं," तो म्हणाला. "ओरिन, आज तूच लढ."

ओरिन ट्वेट शेजारीच उभा होता. त्याच गटातला राखीव पैलवान. त्याचं वजन पहिल्या फटक्यात बसलं होतं. ते नेहमीच बसायचं आणि त्याचा कुणाला काही उपयोग नसायचा. चार वर्षं तो सरावात गेबच्या खाली रगडला गेला, पण घरच्या, म्हणजे विद्यापीठाच्या हॉलमधल्या, लढतीत एकदाही मॅटवर उतरला नव्हता. आज घरची शेवटची लढत. गाई शेजाऱ्यांच्या हवाली करून, बर्फातून गाडी हाकत त्याचे आईवडील पहिल्यांदाच आले होते. वर हॉलमध्ये जागा धरून बसलेसुद्धा होते. शेवटच्या वर्षाच्या सगळ्या मुलांना आज लढायला मिळतं, अशी आईची आपली समजूत होती. ओरिनने ती फोनवर दुरुस्त केली नव्हती.

"पळ," ओरिन गेबला म्हणाला.

"काय?"

"पळ म्हणतो ना! काटा बंद व्हायला वेळ आहे अजून."

त्याने गेबला दंडाला धरून ओढतच बाहेर काढलं. हॉलमागच्या लांबलचक बोळात दोघं पळायला लागले. राज्याचं मोठं विद्यापीठ टीव्हीवर दिसतं, त्यांच्या पैलवानांना घाम काढायला वाफेच्या खोल्या असतात. बिटाच्या शेतांमधल्या आमच्या विद्यापीठाकडे हा बोळ आहे आणि छताखालून जाणारे गरम पाण्याचे पाइप. आमच्या पोरांचा घाम त्यांच्याखालीच निघतो, आणि चांगला निघतो.

बोळाच्या तोंडाशी हेवीवेटचा मार्लन डोनट खात बसला होता. त्याला वजनाची फिकीर कधीच नव्हती.

"ए ओरिन, येडा झालास का?" त्याने उरलेला डोनट पुढे केला. "हा कोंब त्याच्या तोंडात. तुझं काम झालं!"

ओरिन हसला, पण थांबला नाही. गेब मात्र थांबला. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागला.

"तुझी आई आलीय ना वर?" तो म्हणाला. "मग कशाला माझ्यामागे लागलायस? कोचला मी सांगतो, माझं वजन नाही बसलं. तुला कोण नावं ठेवणार आहे?"

ओरिनला लढायचं होतं. आज लढायला आलेल्या नदीपलीकडच्या विद्यापीठाचा या गटातला गडी आपल्याला उताणा पाडणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या गड्याला गेबच तेवढा भारी आहे हेही. तरी त्याला लढायचं होतं. उताणा पडला असता तरी आईने टाळ्याच वाजवल्या असत्या.

"आणि घरी जाताना आईने विचारलं, एवढी वर्षं नाही आणि आजच कसा रे तुझा नंबर लागला, तर काय सांगू?" तो शेवटी म्हणाला. "पोरगा अर्धमेला झाला होता आणि मी शेजारी उभा राहून घड्याळ बघत होतो? चल, ऊठ."

पुन्हा काटा. गेबने अंगावरचं सगळं काढलं, ओरिनने पुढे टॉवेल धरला. पंचाने वाकून आकडा पाहिला.

"कणभर जास्त आहे रे अजून," तो हळहळत म्हणाला. "आणखी एकदाच चढता येईल. मग मला बंद करायलाच लागेल."

आता गेबच्या अंगात घामही उरला नव्हता. ओरिनने गेबकडे पाहिलं. मानेवरून खाली खांद्यापर्यंत रुळणारे ते पिवळे, दाट केस सगळ्या गावाचे लाडके होते. लढतीच्या दिवशी लहान पोरं तसे केसांचे टोप घालून यायची. दाढी वाढवून लढता येत नाही, म्हणून ठेवलेलं केस कापायचं मशीन टेबलावरच होतं. ओरिनने ते उचललं.

गेब स्टुलावर बसला. त्याने मान खाली घातली, मग पुन्हा वर केली.

"अजून विचार कर," तो हळूच म्हणाला.

मशीन सुरू होतं आणि ओरिनचा हात हवेतच होता. वरून बँडचा आवाज येत होता. लोक जमायला लागले होते.

"मान खाली घाल," ओरिन म्हणाला.

केसांचे पुंजके फरशीवर पडत गेले. मार्लन डोनट खायचं विसरून बघत राहिला. मागचे झाले, बाजूचे झाले, वरचेही झाले. सोललेल्या बटाट्यासारखं डोकं घेऊन गेब काट्यावर चढला, तेव्हा कुणीच हसलं नाही.

पंचाने आकडा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"बसलं," तो म्हणाला.

मार्लनने अशी आरोळी ठोकली की बोळ दणाणला. गेबने ओरिनला मिठी मारली आणि रडायला लागला; अंगात पाणी नव्हतं, म्हणून नुसताच हुंदके देत राहिला. ओरिनने त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि स्वतः वर हॉलमध्ये गेला.

आईने त्याला लांबूनच पाहिलं. गर्दीतून वाट काढत कठड्यापाशी आली, वाकून त्याच्या बाहीवरचे पिवळे केस झटकू लागली.

"हे काय रे लागलंय अंगभर? आणि सांग तरी, तुझी कुस्ती कधी आहे? बाबा कॉफी आणायला गेलेत, त्यांची चुकायला नको."

"माझी झाली, आई," ओरिन म्हणाला.