समईचं तेल

राज्यातलं प्रत्येक मूल यापुढे तल्लखच जन्माला येणार, असं सरकारने ठरवलं होतं. त्यासाठी गरोदर बायांना द्यायचे थेंब अंगणवाडीत पोचलेही होते. थेंबांतलं एन्झाइम आईच्या आहारातली चरबी घेऊन पोटातल्या बाळाचा मेंदू घडवायचं. आहारात चरबी कुठून येणार, एवढं मात्र ठरवायचं राहिलं होतं.

सातव्या महिन्यातली सोनकी वजनकाट्यावर उभी राहिली. महिन्याभरात तिचं वजन दोन किलोंनी उतरलं होतं.

"साहेब, हिच्या घरी ताटात भाकर आणि मीठ. एन्झाइमला दुसरं काही मिळेना, म्हणून ते हिचंच अंग खातंय," अंगणवाडी सेविका विमल वळवी म्हणाली. "थेंब बंद करा, नाहीतर तेल द्या."

"तेल दुसऱ्या खात्याकडे येतं, ताई," योजनेचे अधिकारी घोडेकर म्हणाले.

"मग ही टेबलावरची गोडेतेलाची बाटली?"

"ती समईची. मंत्रीसाहेब उद्घाटनाला निघालेत."

"समईला कितवा महिना लागलाय?"

घोडेकरांना नेमका तेव्हाच फोन आला. बोलत बोलत ते अंगणात गेले. विमलने आतून कडी लावली, चुलीवरच्या खिचडीच्या पातेल्यात अख्खी बाटली उपडी केली आणि सोनकीसह तपासणीला आलेल्या पाचही गरोदर बायांना वाढलं.

"खा गं. आज समईचा उपास आहे."

बाहेरून साहेब दार बडवत होते. आत कुणी घास थांबवला नाही.

तिसऱ्या दिवशी विमलला निलंबनाचं पत्र आलं. कारण लिहिलं होतं : समई पेटली नाही.

पुढच्या महिन्याचे थेंब वेळेवर आले.