पहिला प्रश्न

"आज शेवटच्या रांगेत बस," हॉलच्या मागे गाडी लावत ऑरिन लिंडाल म्हणाले.

"बाबा, मागच्या वेळी मी मधल्या रांगेत होते, तरी तुम्हाला ऐकू आलं नाही."

"कान म्हातारे झाले माझे. तू आवाज तरुण ठेव. आणि ते नाक मफलरमध्ये घाल. माझंच आहे, लोक ओळखतील."

मारेन हसली.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ऑरिननी लोकांना चारचौघांत धीटपणे बोलायला शिकवायचा व्यवसाय सुरू केला होता. जाहिरात ते करत नसत. मिनेसोटातल्या गावोगावच्या व्यापारी मंडळांच्या दुपारच्या जेवणाला जायचं, फुकट भाषण द्यायचं आणि ऐकणाऱ्यांतूनच शिकायला येणारे मिळवायचे. अडचण एकच होती. पहिला प्रश्न आला नाही, तर लोक कोट चढवून घरी जातात. एकानं विचारलं की बाकीचे विचारतात, रेंगाळतात, कार्ड मागतात. म्हणून मारेन परकी बाई बनून प्रेक्षकांत बसायची आणि पहिला हात वर करायची.

"तू नसलीस तर माझं दुकान बंद," ते म्हणायचे.

एरवी ती ग्रंथालयाच्या तळघरात नव्या पुस्तकांवर क्रमांक चिकटवत असे. तिथं दिवसभर कुणाशी बोलावं लागत नसे. कॉलेजात एकदा सगळ्यांसमोर बोलता बोलता तिची वाचा बसली होती, तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडणं तिनं सोडलंच होतं. हे एवढं काम तिनं पत्करलं ते बाबांसाठी.

भाषण रंगलं. आपण पहिल्यांदा एका लग्नात बोलायला उभे राहिलो तेव्हा नवरदेवाचंच नाव कसं विसरलो, ते ऑरिननी सांगितलं. लोक पोट धरून हसले.

"कुणाला काही विचारायचंय?"

एकही हात वर झाला नाही. मघाशी बटाट्याच्या भाजीवरून हमरीतुमरीवर आलेली माणसं आता मांडीवर हात ठेवून समोर बघत होती. मारेनला त्यांची कीव आली. बिचारे, आपल्यासारखेच. तिनं हात वर केला.

"सर, बोलताना आवाज कापायला लागला तर काय करायचं?"

ऑरिननी कानामागे तळहात धरला. "जरा मोठ्यानं, मॅडम."

तिनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. मग मात्र भराभर हात वर झाले.

निघताना मंडळाच्या अध्यक्षा अर्लीनबाईंनी तिच्या हातात लिंबाच्या वड्यांची पुडी ठेवली. खानावळ चालवणारी ही बाई बारा गावच्या मंडळांत ऊठबस करायची. "दोन घातल्यात. गाडीत खा."

परतीच्या वाटेवर ऑरिननी आपली वडी खाल्ली, तिच्यातली अर्धी मागितली आणि म्हणाले, "आज आवाज छान लागला."

एकदा तरी भर हॉलमध्ये 'सर' न म्हणता हाक मारावी, असं तिच्या फार मनात होतं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी प्रश्न बदलू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातला बर्फ ओढताना ऑरिन फावड्यावरच कोसळले. शेजारी धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

चर्चच्या तळघरात शोकसभा भरली. गावोगावच्या मंडळांतली माणसं आली होती. पाद्रीबुवांनी आदल्या दिवशी मारेनला विचारलं होतं, चार शब्द बोलशील का? तिनं नाही म्हटलं होतं. रात्रभर त्या नकारानं तिला झोप लागू दिली नव्हती. सवयीनं ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली. शेजारी अर्लीनबाई होत्या.

"ऑरिनबद्दल कुणाला काही सांगायचंय?" पाद्रीबुवांनी विचारलं.

कुणी हललं नाही. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा विचारलं. ज्यांना ऑरिननी बोलायला शिकवलं, तीच माणसं मांडीवर हात ठेवून समोर बघत बसली होती. मारेनला बाबांसाठी लाज वाटली.

"तुम्ही तरी उठा ना," ती अर्लीनबाईंच्या कानाशी कुजबुजली. "सगळे घाबरलेत."

"आम्ही कशाला घाबरू, पोरी?" अर्लीनबाईंनी रुमालानं नाक पुसलं. "ऑरिनचा आधी फोन यायचा. प्रत्येक गावाला, प्रत्येक वेळी. 'माझी मुलगी मागे बसलेली असेल. तिचा हात वर होईपर्यंत कुणी हात वर करायचा नाही.'"

मारेननं समोर पाहिलं. एकही मान मागे वळली नव्हती. सगळे थांबले होते.

तिनं हात वर केला. मग उठून उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली.

जरा मोठ्यानं, असं कुणी म्हटलं नाही. तिनंच पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.

"बाबा."