हजार मीटरच्या वर

बर्फाचा लोट थांबला तेव्हा उतारावर दोघंच उभे होते, बुर्गी आणि रुपर्ट. तिसरा, बुर्गीचा नवरा कासियान, बर्फाखाली कुठेतरी होता.

बुर्गीने छातीवरचा बीपर ओढून काढला. हे यंत्र दिवसभर गुपचूप खूण पाठवत असतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापलं ‘शोध’वर फिरवायचं, म्हणजे गाडलेल्याचीच तेवढी खूण मिळते. आमच्याकडे पोरंसोरंही हे शिकतात. रुपर्ट प्लांगर तर गिर्यारोहण मंडळाचा प्रमुख, दर हिवाळ्यात दुसऱ्यांना हेच शिकवणारा. वाऱ्याने कड्याखाली रचलेला ताजा बर्फ कासियानने सकाळी दाखवला, तेव्हा “मग घरी बसून स्वेटर विणायचा होतास!” म्हणून फिदीफिदी हसणाराही तोच.

“शोधवर कर!” बुर्गी ओरडली.

“केलंय, केलंय!” रुपर्टने लांबूनच हात हलवला.

बीपर बोलू लागला. आकडा उतरत होता, म्हणजे ती जवळ जात होती. डोळे आकड्यावर ठेवून ती ढेकळांतून धडपडत खाली गेली, पडली, उठली. आकडा एकावर आला. तिने गुडघे टेकले, खुपसायला सळई उचलली, तर समोर बूट. रुपर्टचे.

बर्फाखालच्या माणसाकडे मिनिटं मोजकीच असतात. त्यातली कितीतरी या बुटांपायी गेली होती.

“तुझा अजून पाठवतोय,” ती म्हणाली.

“अगं, वर अर्धा उतार अजून लटकतोय,” रुपर्ट हळूच म्हणाला. “दुसरा लोट आला तर? मला कुणी शोधायचं?”

बुर्गीने त्याच्या जाकिटाची चेन खसकन उघडली, आतला बीपर बाहेर ओढला आणि बंद केला. त्याबरोबर तिचा बीपर वेगळंच सांगू लागला. वर, डावीकडे, मोडलेल्या लार्चच्या झाडापाशी.

तिथे सळई मऊ काहीतरी लागून थांबली. ती खणू लागली. मग रुपर्टही आला, आणि आता त्याचं फावडं असं चालू लागलं, जणू कुणी फोटो काढतंय. कासियानचा चेहरा निळा पडला होता. बुर्गीने बोटं घालून त्याच्या तोंडातला बर्फ काढला, श्वास दिला, पुन्हा दिला. शेवटी तो खोकला. तुंबलेली मोरी वाहती व्हावी तसा घाणेरडा आवाज होता तो, आणि तो ऐकून ती हमसून हमसून रडली.

हेलिकॉप्टर आलं. बचाव पथकाचा माणूस कासियानला स्ट्रेचरवर बांधू लागला. “तुला लागलंय कुठे?” त्याने बुर्गीला विचारलं. “आणि तुला?”

“मला काय धाड भरलीय!” रुपर्ट म्हणाला. “झटक्यात शोधला रे आम्ही त्याला. सरावच तेवढा आहे ना.” त्याने बुर्गीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दारूची चपटी बाटली पुढे केली. “घे बुर्गी, घोटभर घे. थरथरतेयस नुसती.”

बुर्गीने दोन बोटांनी तो हात उचलून बाजूला केला.

“आपण घ्या, प्लांगरसाहेब.”

हजार मीटरच्या वर आमच्याकडे कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. तिथे अनोळखी माणूस तू, पाद्री तू, मंत्री भेटला तर तोही तू. आणि हे दोघं तर शाळेत एका बाकावर बसलेले.

स्ट्रेचरचा पट्टा आवळणारे हात थांबले. त्या माणसाने बुर्गीकडे पाहिलं, मग रुपर्टच्या छातीवर लोंबणाऱ्या बंद बीपरकडे.

“धक्का बसलाय तिला,” रुपर्ट हसत म्हणाला. “चल, मीही येतो. जागा आहे ना रे आत?”

“आहे,” तो म्हणाला. “आपण पुढच्या फेरीला या.”