दोन पाण्यांमधली सहल

मुकुंदवाडीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, म्हणून कडूबा आणि वनितानं लग्नानंतर बारा वर्षांनी ठरवलेली पहिली सहल बरोब्बर दोन पाण्यांच्या मधे बसवली. पाठीला सॅक लावून दोघं मोटरसायकलवर कोकणचा किनारा धरून निघाले. पण सवय जाते कुठं? जिथं मुक्काम, तिथं वनिता आधी बादली, मग्गा, तांब्या, झालंच तर चहाचे कपसुद्धा नळाखाली धरून काठोकाठ भरून ठेवायची.

"अगं येडे, इथं चोवीस तास पाणी हाय!" कडूबा हसून हसून बेजार व्हायचा. "समोर अख्खा समुद्र पडलाय. घर डोक्यातनं काढ की जरा."

तिसऱ्या दिवशी देवगडच्या पुढं एका किनाऱ्यावर त्या दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. अंगावर सकाळचं ऊन, पायाशी लाटा. वनितानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हळूच म्हणाली, "खरंय तुमचं. आता नाय काढायची घरची आठवण."

तेवढ्यात कडूबाचा फोन वाजला. पाणी आलं की सगळ्या गल्लीला फोन करणाऱ्या शेजारच्या शकीलाभाभी ओरडत होत्या, "कडूबाभाई, पानी आजइच आ गया! मोटर लगाव जल्दी!"

कडूबा ताडकन उठला, सॅक पाठीवर टाकली आणि माडाखाली लावलेल्या गाडीला किक मारून सुसाट सुटला.



मुकुंदवाडी साडेपाचशे किलोमीटर लांब आहे, हे त्याला दुसऱ्या गिअरमध्ये आठवलं. वनिता मागं वाळूतच बसलीय, हे चौथ्या.