मोठा पडदा

धाकटीचं लग्न झालं, त्या वर्षी ह्यांनी हौसेनं एक छोटी बोट घेतली. त्या बोटीसाठी रडार निवडायला नवे जावईही आमच्याबरोबर आले. दुकानदारानं दोन रडारं पुढे ठेवली. एकाचा पडदा तळहाताएवढा, दुसऱ्याचा ताटाएवढा. ह्यांनी सरळ मोठ्यावर हात ठेवला.

"बाबा, एवढ्याशा बोटीवर सिनेमा दाखवायचाय का?" जावई हसले.

"लहान बोटीला लहानच पुरतं, काका," दुकानदार म्हणाला.

मीही म्हटलं, "अहो, नाकापेक्षा मोती जड कशाला?"

ह्यांचे कान लाल झाले. जावयाकडे एकदा बघून त्यांनी मोठ्यावरचा हात काढला. लहानच बांधून घेतलं.

मी तेव्हा उतारवयात अक्षरं शिकत होते. डोळ्याला भिंग लावून वाचायचे. नातवंडं हसायची, पण मला त्याची लाज नव्हती. ते भिंगच एक दिवस घरातून नाहीसं झालं. "तुझी एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ," असं हेच मला वर बोलले.

मग एका दुपारी लख्ख उन्हात, सगळे लांबूनच वळसा घालतात त्या खडकावर ह्यांची बोट आपटली. फुटकी बोट लोकांनी धक्क्याला ओढून आणली, तेव्हा मी आत डोकावले.



रडारच्या पडद्यावर सुतळीनं माझं भिंग बांधलेलं होतं. त्या खडकावर हे गेले, तेव्हा धाकटीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.