तिचं ते तिचंच

"मी तुमच्यापैकी एकाचीच वकील होऊ शकते," इला म्हणाली. "तर कोणाची?"

व्हीलचेअरमधल्या जगन्नाथकाकांनी लताकाकूंकडे बोट दाखवलं. त्याच वेळी लताकाकूंनी काकांकडे.

इलाने पेन खाली ठेवलं. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या या ऑफिसात ती अकरा वर्षं प्रीनप, म्हणजे लग्नाआधीचे करार, करून देत होती. मोडल्यावर काय करायचं ते लग्नाआधीच ठरवायला येणारी माणसं सहसा स्वतःकडे बोट दाखवतात. एक साखरपुडा तर भारतातून आणलेला कुकर कोणाचा, यावरून तिच्यासमोर मोडला होता.

हे दोघं सत्तरीच्या पुढचे. काका सहा वर्षं नर्सिंग होममध्ये, कायमच्या देखभालीसाठी. पार्किन्सन्सने हात सतत थरथरणारे. काकू जवळच एकट्या राहणाऱ्या, रोज दुपारी डबा घेऊन त्यांच्याकडे जाणाऱ्या. काका त्यांना 'अगं' म्हणत होते, त्या काकांना 'अहो'. मागच्या पिढीचं प्रेम बहुधा 'अहो'पासूनच सुरू होत असावं, असं इथेच जन्मलेल्या इलाला वाटलं.

काकांचा मुलगा सिद्धेश याचा सकाळीच सिअ‍ॅटलहून फोन येऊन गेला होता. प्लीज त्यांना समजाव, तिचं होतं नव्हतं ते सगळं जाईल, असं तो म्हणत होता. होणाऱ्या सावत्र आईच्या पैशांची एवढी काळजी करणारा मुलगा इलाने आजवर पाहिला नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

काकूंचं म्हणणं साधं होतं. शेजारच्यांच्या नातीने लग्नाआधी असा करार केला होता, म्हणे; त्यात ज्याचं ते त्याचंच राहतं. काकांच्या नावावर काहीच नाही, म्हणून त्यांचा खर्च सरकार करतं. काकूंची थोडी शिल्लक आहे, त्यावर त्यांचं म्हातारपण निघायचंय. लग्नानंतरही बायकोचं जे असेल, तिचं ते तिचंच राहावं, एवढं लिहून दे.

इलाने नेहमीचं सांगून टाकलं. दोघांना वेगवेगळे वकील हवेत, दोघांनी आपलं सगळं उघड करायचं, सह्या घाईत करायच्या नाहीत. काकू वहीत टिपून घेत होत्या. अवघड भाग इलाने शेवटी ठेवला होता.

"करार तुम्हा दोघांत होतो, काकू. सरकार त्यावर सही करत नाही. लग्न झालं की तुमची शिल्लक त्यांच्या लेखी काकांचीही. मदत थांबेल, आणि तुमचे पैसे नर्सिंग होमला जातील."

काकूंचं लिहिणं थांबलं.

"ऐकलंस?" काका म्हणाले. प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता. "राहू दे, अगं. चाललंय ते बरं चाललंय."

"तुमचं चाललंय. तिथल्या रजिस्टरमध्ये रोज मला लिहावं लागतं. नातं, फ्रेंड."

"फ्रेंड वाईट असतो का?"

काकूंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि इलाला सांगितलं. मागच्या आठवड्यात यांना इमर्जन्सीत नेलं, तेव्हा काकूंना आत सोडलं नाही. फॅमिली ओन्ली. सिद्धेशचं विमान उतरेपर्यंत त्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होत्या.

त्यासाठी लग्न कशाला, इला म्हणाली, एक कागद करून देते, हॉस्पिटलवाले मुकाट्याने आत सोडतील.

"आणि हे गेल्यावर?" काकूंनी विचारलं. "डॉक्टर म्हणतात, दिवाळी कठीण आहे. डेथ सर्टिफिकेटवर बायकोचं नाव लिहितात. तिथे फ्रेंडला जागा नसते, मी बघून आले."

काका खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर डेटा सेंटरची लांबच लांब करडी भिंत होती. बघण्यासारखं काही नव्हतं. काकूंनी त्यांच्याकडे न बघताच ओढणीच्या टोकाने त्यांची हनुवटी पुसली.

"वकील म्हणून माझा सल्ला विचाराल," इला म्हणाली, "तर हे लग्न करू नका. एका ओळीसाठी तुम्ही उघड्यावर पडाल."

"बरोबर आहे तुझा सल्ला. मागच्या वेळच्या वकिलाचाही बरोबरच होता." काकूंनी वही मिटली. "आम्हाला शुक्रवारी करायचंय. फॉर्म असेल ना तुझ्याकडे?"

इलाने मॅरेज लायसन्सच्या अर्जाचे दोन कागद त्यांच्यापुढे ठेवले. काकांचा हात चालत नव्हता, म्हणून दोन्ही काकूच भरायला बसल्या. जन्मतारीख, जन्मगाव, आईचं नाव. काकांना एकही गोष्ट विचारावी लागली नाही. यापूर्वी लग्न झालं होतं का? हो, हो. कशाने संपलं? घटस्फोट, घटस्फोट. कधी? दोन्हीकडे सहा वर्षांपूर्वी. आधीच्या जोडीदाराचं नाव? काकांच्या कागदावर काकूंनी लिहिलं, लता. मग स्वतःचा कागद पुढे ओढला आणि त्याच अक्षरात लिहिलं, जगन्नाथ.