पुसट टिपा

बाबांनी ऐन उमेदीत लिफ्ट चालवणारा प्रोग्रॅम लिहिला होता, असेंब्ली या जुन्या संगणकभाषेत. तो त्यांना पुन्हा वाचायचा होता, पण माझ्या लॅपटॉपवरच्या कोड लिहायच्या एडिटरमध्ये सगळी अक्षरं एकाच रंगाची, नुसती मुंग्यांची रांग. म्हणून सुट्टीचा अख्खा दिवस खपून मी एडिटरला त्या भाषेचे रंग शिकवले. आज्ञा निळ्या, आकडे केशरी. त्या काळी बाबांचा प्रोग्रॅम ऑफिसातच वरच्या मजल्यावर तपासला जायचा. तिथून जोडून आलेल्या टिपा मात्र फिकट राखाडी.

बाबा कपाळावरचा चष्मा खाली ओढून स्क्रीनला नाक लावून बसले.

"टिपा एवढ्या पुसट का गं?"

"मशीन त्या वाचतच नाही ना, बाबा. सगळीकडे पुसटच ठेवतात."

त्यांनी एका टिपेवर बोट ठेवलं. मी वाकून वाचलं: 'बोलावल्याशिवाय वर येत नाही. अगदी तुझ्यासारखी.'

"लिफ्टबद्दल असं लिहितात होय?" मला हसू आवरेना.

"मशीन वाचत नाही, ते मला ठाऊक आहे गं," बाबा त्या ओळीवरचं बोट न उचलता म्हणाले. "तुझ्या आईलाही ठाऊक होतं."